कॉर्कमध्ये कारखाना आहे, काउंटर नाही

आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क नावाचे शहर आहे. तिथल्या हॉलीहिल भागात १९८० साली ॲपलने साठ माणसांवर आपले काम सुरू केले. आज आयर्लंडमध्ये कंपनीचे सहा हजारांहून अधिक कर्मचारी आहेत आणि युरोपातला मोठा कारभार कॉर्कमधूनच हलतो. आयर्लंडने दिलेल्या करसवलतींवरून युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये १३ अब्ज युरोंची वसुली काढली, आणि युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती कायम ठेवली. कारखाना, कर, नोकऱ्या, न्यायालय असे सगळे व्यवहार या देशाशी झाले. आयरिश प्रजासत्ताकात ॲपलचे स्वतःचे दुकान मात्र आजही नाही.

कॉर्कमधल्या ग्राहकाला रस्त्याने कंपनीच्या स्वतःच्या काउंटरपर्यंत जायचे झाले, तर चारशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला बेलफास्ट गाठावे लागते. ते दुकान २००८ पासून चालू आहे, पण ते युनायटेड किंगडमचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये. तिथे चलन पौंड, कराचा दर वेगळा आणि ग्राहक कायदाही वेगळा. घराशेजारच्या कारखान्यात ज्यांचे भाऊबंद कामाला आहेत, त्यांनाच कंपनीच्या काउंटरवर फोन दाखवायला परमुलखात जावे लागते.

मोठ्या तंत्रज्ञान कंपनीने छोट्या देशांत स्वतःची दुकाने उघडावीत का, हा प्रश्न मोबाइल आणि संगणक विक्रीच्या धंद्यात वरचेवर निघतो. 'लोकसंख्या पुरेशी नाही, गणित बसत नाही,' हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे, कारण आकडे त्याला साथ देत नाहीत.

मकाव घ्या. वस्ती सात लाखांच्या आसपास. तिथे ॲपलची दोन दुकाने आहेत, एक २०१६ मध्ये उघडले आणि दुसरे २०१८ मध्ये. सिंगापूरची वस्ती साठ लाखांच्या घरात. तिथे २०१७ मध्ये ऑर्चर्ड रोडवर पहिले दुकान निघाले आणि पुढच्या तीन वर्षांत चांगी विमानतळाजवळ व मरीना बे इथे आणखी दोन. मरीना बेचे दुकान तर पाण्यावर तरंगणाऱ्या काचेच्या घुमटात आहे. ऑस्ट्रियात नव्वद लाख माणसे आणि व्हिएन्नात एक दुकान. बेल्जियममध्ये सव्वा कोटीच्या आत लोक आणि ब्रुसेल्समध्ये २०१५ पासून एक दुकान. आता दुसरी बाजू पाहा. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंड हे सगळे लोकसंख्येने सिंगापूरच्याच जवळपासचे देश. माणसे सधन, हातात आयफोन, पण कंपनीचे दुकान एकही नाही. पोलंडची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास असूनही तिथे दुकान नाही. अख्ख्या आफ्रिका खंडात एकही नाही.

यावरून एक गोष्ट स्वच्छ दिसते. कंपनी देश मोजतच नाही, ती रस्ता मोजते. एखाद्या पदपथावरून दिवसाला किती माणसे जातात, त्यांच्या खिशात किती खुळखुळते आणि त्यांतली किती पाहुणी आहेत, यावर निवड ठरते. २०१९ मध्ये मकावला जवळपास ३.९ कोटी पर्यटक येऊन गेले. तिथल्या दुकानांना स्थानिक वस्ती पुरत नसेल, पण हॉटेलांतून उतरणारी गर्दी पुरते. व्हिएन्नाची केर्न्टनर स्ट्रासे किंवा सिंगापूरचा ऑर्चर्ड रोड म्हणजे शेजारच्या देशांतून लोक खरेदीला येतात असे रस्ते. विक्रीचा हिशेब म्हणून हे रास्तच आहे. पण मग 'देश छोटा आहे' हे कारण पुढे करू नये. देश छोटा म्हणून अडत नाही, तिथला रस्ता पुरेसा चालता नाही म्हणून अडते.

दुकान न येण्यामागे प्रत्येक वेळी कंपनीच असते असेही नाही, हे नमूद करायला हवे. स्टॉकहोमच्या कुंगस्ट्रेडगोर्डन या जुन्या बागेत ॲपलला मोठे दुकान बांधायचे होते. लोकांनी बागेची बाजू घेतली, आणि २०१८ च्या निवडणुकीनंतर शहराच्या नव्या कारभाऱ्यांनी तो बेत मोडीत काढला. चेक प्रजासत्ताकात उलट झाले. पंतप्रधान आंद्रेई बाबिश यांनी जानेवारी २०१९ मध्ये दावोसला ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांची भेट घेतली आणि प्रागमध्ये ॲपलचे दुकान येणार असे जाहीर केले. ते दुकान अजून उघडलेले नाही. आपल्याकडे एकाच ब्रँडचे दुकान काढणाऱ्या परदेशी कंपनीला ३० टक्के माल देशातून घेण्याची अट होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ती सैल झाली. त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये ॲपलने भारतात ऑनलाइन दुकान उघडले आणि एप्रिल २०२३ मध्ये आधी वांद्रे-कुर्ला संकुलात व मग दिल्लीत साकेतला पाटी लागली. नियम, जागा आणि राजकारण यांचे वजन पारड्यात पडतेच.

स्वतःचे दुकान म्हणजे यश, हा समजही इतिहासाने खोटा ठरवला आहे. गेटवे या अमेरिकी संगणक कंपनीने मोठ्या हौसेने स्वतःची दुकाने काढली. पण तिथे बराच काळ संगणक फक्त पाहायला मिळे. माल दुकानात ठेवलेलाच नसे, ऑर्डर देऊन घरी वाट पाहायची. एप्रिल २००४ मध्ये कंपनीने उरलेली १८८ दुकाने बंद केली. सोनीने २०१५ मध्ये कॅनडातली आपली सर्व चौदा दुकाने गुंडाळली. मायक्रोसॉफ्टने २००९ पासून दुकाने थाटली, लाकडी टेबले मांडली, हसतमुख माणसे नेमली. जून २०२० मध्ये ऐंशीहून अधिक दुकाने कायमची बंद करत असल्याचे जाहीर झाले आणि त्यापोटी ४५ कोटी डॉलरचा खर्च ताळेबंदात टाकावा लागला.

ॲपलची पहिली दोन दुकाने १९ मे २००१ रोजी व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्नियात उघडली, तेव्हा तीही बुडणार असे अमेरिकी व्यापारी नियतकालिकांत छापून आले होते. ती तगली. आज पाचशेहून अधिक दुकाने आहेत. तगण्यामागे जागा, सजावट, मालाची ओढ ही कारणे आहेतच. पण धंद्यातल्या माणसाने पाहण्यासारखी गोष्ट दुकानाच्या मागच्या भिंतीशी होती. पहिल्या दिवसापासून तिथे 'जीनियस बार' होता. बिघडलेले यंत्र घेऊन माणूस येतो, समोरचा तंत्रज्ञ ते तपासतो, सुटा भाग त्याच इमारतीत असतो, आणि दुरुस्त करायचे की बदलून द्यायचे हे तो तिथल्या तिथे ठरवतो. विक्रीचे काउंटर कोणीही थाटू शकतो. निर्णयाचा अधिकार असलेले काउंटर ही खरी वेगळी गोष्ट होती.

हे वेगळेपण किती मोठे आहे ते लातूर किंवा चिपळूणच्या कोणत्याही काउंटरवर कळते. काच फुटलेला आयफोन घेऊन ग्राहक येतो. विक्रेता आधी चारही बाजूंनी फोटो काढतो, म्हणजे नंतर ओरखड्यावरून वाद नको. मग 'फाइंड माय' बंद करायला सांगतो, कारण ते चालू असले तर सर्व्हिस सेंटर हँडसेट घ्यायला सहसा तयार नसते. इथे निम्मे घोडे अडते, कारण आयडी मुलाच्या नावावर आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. मुलाला फोन लावून ते उरकले की बॅकअप झाला आहे का हे पाहायचे, जॉबशीटवर आयएमईआय लिहायचा, हँडसेट बबलरॅपमध्ये गुंडाळायचा आणि कुरियरने शहरातल्या सर्व्हिस सेंटरकडे रवाना करायचा. त्यानंतर रोज संध्याकाळी ग्राहक दारात. 'आला का?' या प्रश्नाला विक्रेत्याकडे उत्तर नसते, कारण सुटा भाग कधी येणार हे त्याच्या हातात नसते. मार्जिन शेकड्यात बोटांवर मोजण्याइतके, आणि शिव्या मात्र सगळ्या त्याच्या वाट्याला.

ज्या देशात कंपनीचे एकही दुकान नाही, तिथे सगळा देशच अशा काउंटरवर चालतो.

तिथला अधिकृत विक्रेता भाषा जाणतो, हप्त्यांची सोय लावून देतो, शाळा-महाविद्यालयांची ऑर्डर मिळवतो, जुना फोन बदलीत घेतो. पण बदलून देण्याचा अंतिम निर्णय त्याचा नसतो. युरोपीय संघात तर कायदा ग्राहकाला किमान दोन वर्षांची हमी देतो आणि त्या हमीसाठी आधी जबाबदार धरतो तो विक्रेत्याला. कंपनीची स्वतःची वॉरंटी मात्र एका वर्षाची. ज्या देशात कंपनी स्वतःच दुकानदार आहे, तिथे तिच्या काउंटरवर विकलेल्या यंत्राचे दुसरे वर्ष ती स्वतः निस्तरते. जिथे ती दुकानदार नाही, तिथे ग्राहक विक्रेत्याची कॉलर धरतो. पुढे ती भरपाई वरच्यांकडून वसूल करायचा मार्ग कायद्यात आहे, पण तो मार्ग छोट्या माणसाला किती लांबचा असतो हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता या साखळीत विक्रेत्याचे वजन किती आहे तेही पाहू. ॲपलच्या २०२४ या आर्थिक वर्षाच्या वार्षिक अहवालात एकूण विक्रीपैकी ३८ टक्के वाटा थेट मार्गाचा आहे. त्यात स्वतःची दुकाने, ऑनलाइन दुकान आणि थेट विक्रीचे कर्मचारी हे सगळे आले. उरलेले ६२ टक्के मोबाइल सेवा कंपन्या, घाऊक व्यापारी आणि विक्रेते यांच्यामार्फत आले. पाचशेहून अधिक दुकाने चालवणाऱ्या कंपनीच्याही दर शंभर रुपयांतले बासष्ट रुपये त्या वर्षी दुसऱ्याच्या काउंटरवरून आले. भारतात आयफोन पहिल्यांदा विकायला आला ऑगस्ट २००८ मध्ये, आणि कंपनीचे पहिले दुकान उघडले एप्रिल २०२३ मध्ये. मधली जवळपास पंधरा वर्षे वाट पाडली ती विक्रेत्यांनी. डेमो पीसमध्ये पैसे गुंतवून, कंपनीने सांगितलेल्या मापाचे फर्निचर करून, पोरांना प्रशिक्षण देऊन. ज्या देशांत आजही दुकान नाही, तिथे ही वाट अजून तेच तुडवत आहेत.

छोट्या देशात दुकान काढायला कंपन्या कचरतात, त्यात तथ्यही आहे. चलन घसरले की आयात मालाचा हिशेब एका रात्रीत उलटतो. आइसलँडचे उदाहरण बोलके आहे. २००८ च्या आर्थिक कोसळीत तिथली क्रोना गडगडली, बाहेरून आणायचा माल महागला, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये मॅकडोनाल्ड्सने देशच सोडला. बाजारपेठ इतकी लहान की तोटा पसरायला दुसरे शहर नाही. मात्र त्याच आइसलँडमध्ये मे २०१७ मध्ये कॉस्टकोने आपले अवाढव्य दुकान उघडले, तेही साडेतीन लाखांच्या आतल्या लोकसंख्येसाठी, आणि ते चालते. छोटा देश जोखमीचा असतो. तो अशक्य असतो असे मात्र कॉस्टकोच्या दारातली गाड्यांची रांग सांगत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच, म्हणजे विक्रेत्यांच्या, बाजूचा आहे. कंपनीचे दुकान आले की नव्या मॉडेलचा पहिला माल तिकडे जातो, रांगा तिकडे लागतात, हवा असलेला रंग तिकडे मिळतो आणि विक्रेत्याच्या हाती 'दोन आठवडे थांबा' एवढेच उरते. ही भीती खरी आहे आणि तिला उगाच कमी लेखू नये. मोठ्या देशात विक्रेत्याला तालुक्याकडे सरकता येते. पुण्यात सप्टेंबर २०२५ मध्ये कोरेगाव पार्कला कंपनीचे दुकान उघडले, तरी बारामती आणि सांगलीचा ग्राहक आपल्या ओळखीच्या काउंटरवर येतच राहतो. लक्झेंबर किंवा आइसलँडसारख्या देशात सरकायला जागाच नाही. सगळा व्यापार एका शहरात एकवटलेला. तिथे कंपनीचे दुकान अटींविना आले तर दोन-तीन विक्रेत्यांचे कंबरडे मोडेल, आणि उद्या कंपनी निघून गेली तर मागे काहीच उरणार नाही. मॅकडोनाल्ड्स गेल्यावर जेवायला दुसरे ठिकाण मिळते. अधिकृत दुरुस्तीला मिळत नाही.

या सगळ्याचा विचार करून या मासिकाचे मत असे आहे की मोठ्या तंत्रज्ञान कंपनीने छोट्या देशातही स्वतःचे एक दुकान उघडलेच पाहिजे. एक पुरे, पण ते दुरुस्तीसाठी आणि उत्तरदायित्वासाठी हवे. जिथे कंपनी वर्षानुवर्षे माल विकते, जिथल्या लोकांचे फोटो, पैसे, ओळखपत्रे तिच्या यंत्रांत आहेत, तिथे तक्रार घेऊन जाता येईल असे तिचे एक दार असायला हवे. आयर्लंडमध्ये तर हे दार कधीच उघडायला हवे होते. ते दुकान चौरस्त्यावर नसले तरी चालेल, काचेचा घुमट नसला तरी चालेल. सुट्या भागांचा साठा, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि बदलून देण्याचा अधिकार, एवढे त्यात हवे.

या दुकानासोबत दोन अटी असाव्यात. नवे मॉडेल आले की अधिकृत विक्रेत्याला त्याच्या विक्रीच्या प्रमाणात त्याच दिवशी माल मिळावा. आणि विक्रेत्याच्या काउंटरवर आलेले यंत्र कंपनीच्या दुकानात स्वतःच्या ग्राहकाच्या यंत्राइतक्याच लवकर हातात घेतले जावे. जिथे एकही दुकान परवडणार नाही अशा अगदी चिमुकल्या देशात कंपनीने हा अधिकारच विक्रेत्याला द्यावा. भाग ठेवायचा, तिथेच बसवायचा, तिथेच बदलून द्यायचा, आणि खर्च कंपनीने सोसायचा.

ही मागणी आता हवेतली राहिलेली नाही. स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना अस्सल भाग देण्याची योजना ॲपलने ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत सुरू केली आणि २०२१ मध्ये ती दोनशेहून अधिक देशांत नेण्याचे जाहीर केले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात आणि मागणी आल्यावर पाच ते दहा कामाच्या दिवसांत पोचवावे लागतात. दुरुस्तीच्या हक्काचा युरोपीय निर्देश २०२४ मध्ये मंजूर झाला. सदस्य देशांनी तो लागू करण्याची मुदत ३१ जुलै २०२६ आहे. माल्टाच्या दुरुस्तीवाल्याला आता जर्मनीच्या दुरुस्तीवाल्याइतकाच हक्क मिळतो. दुकान न काढताही कंपनीला छोट्या देशात हजर राहायला कायदा भाग पाडू शकतो, याचा हा पुरावा आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. तिथे कंपन्या दुरुस्तीची माहिती देतात, पण सुटा भाग किती दिवसांत मिळेल याचे बंधन आपल्याकडे अजून नाही.

हा विषय युरोपचा वाटला तरी गोव्याच्या विक्रेत्याला तो परका वाटणार नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांहून अधिक होती, म्हणजे मकावच्या दुप्पट, आणि पर्यटकांचीही तिथे कमतरता नाही. कंपनीचे स्वतःचे दुकान तिथे नाही. गडचिरोली, नंदुरबार, सिंधुदुर्ग यांचीही गोष्ट वेगळी नाही. देश लहान असो की जिल्हा लांब, ग्राहकाला ताटकळावे लागते ते सारखेच.

आयर्लंड आणि डेन्मार्कच्या विक्रेत्यांना त्यांच्या कायद्याने आता थोडे बळ दिले आहे. आपल्याला ते मिळवायचे असेल तर हातात नोंदी हव्यात. वाचकांना म्हणूनच एक विनंती आहे. या महिन्यापासून काउंटरवर एक साधी वही ठेवा. दुरुस्तीला पाठवलेला प्रत्येक हँडसेट, पाठवल्याची तारीख, भाग आल्याची तारीख, परत मिळाल्याची तारीख आणि ग्राहकाने किती फेऱ्या मारल्या, एवढेच त्यात लिहा. सहा महिन्यांनी पानांची बेरीज करा आणि आपल्या जिल्ह्याच्या व्यापारी संघटनेकडे द्या. पुढच्या वेळी डिस्ट्रिब्युटर करार नव्याने करायला बसेल, तेव्हा स्कीम आणि टार्गेटचा कागद पुढे येण्याआधी ही वही टेबलावर ठेवा आणि दुरुस्तीची मुदत करारात लिहून मागा.